सामान्य आणि विषाणू-रूपांतरित पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करांची तुलना: जोडीच्या निवडीपासून निष्कर्षापर्यंत

पेशीच्या बाह्य पटलातील प्रथिनांना आणि मेदांना शर्करांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज, एन-ॲसिटिलग्लुकोसामीन, एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामीन आणि बहुधा टोकाला बसणारे सियालिक आम्ल अशा मोजक्याच घटकांपासून त्या तयार होतात, पण घटकांचा क्रम, त्यांच्यातील बंध आणि साखळीला फुटणाऱ्या फांद्या यांमुळे त्यांचे असंख्य प्रकार होतात. कर्करोगकारक विषाणूने पेशीचे रूपांतरण केले, म्हणजे तिला कर्कपेशीसारखी बेबंद वाढणारी बनवले, की या साखळ्यांचे रसायन बदलते. १९६८ मध्ये हाकोमोरी आणि मुराकामी यांनी हॅमस्टरच्या रूपांतरित पेशींच्या ग्लायकोलिपिडांत, म्हणजे शर्करा जोडलेल्या मेदांत, असा बदल दाखवला. १९६९ मध्ये रॉबिन्स यांच्या गटाने उंदराच्या ३टी३ पेशींची तुलना एसव्ही४० या विषाणूने रूपांतरित केलेल्या ३टी३ पेशींशी केली. १९७० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील बक, ग्लिक आणि वॉरन यांनी राउस सार्कोमा विषाणूने रूपांतरित केलेल्या हॅमस्टरच्या बीएचके-२१ पेशींवर काम केले आणि त्यांच्या पृष्ठभागावरून सुटणाऱ्या ग्लायकोपेप्टाइडांमध्ये (शर्करासाखळी जोडलेल्या प्रथिनांच्या तुकड्यांमध्ये) मोठ्या आकाराच्या एका गटाचे प्रमाण ठळकपणे वाढलेले असल्याचे दाखवले.

हा प्रयोग आज पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही करता येतो. दोन्ही पेशींच्या शर्करांचे दोन आलेख काढावेत आणि ते एकमेकांवर बसत नाहीत हे दाखवावे, एवढे काम काही महिन्यांत होते. तो फरक रूपांतरणामुळेच पडला आहे, पेशींच्या दाटीमुळे, वाढीच्या वेगामुळे, सीरममुळे किंवा खुद्द विषाणूच्या प्रथिनांमुळे नव्हे, हे सिद्ध करण्यात मात्र खरा कस लागतो, आणि बहुतेक प्रबंध तिथेच कच्चे राहतात. म्हणून पुढील प्रत्येक पायरीबरोबर तिचा ताळा कसा पाहावा हेही सांगितले आहे. जागा मर्यादित असल्याने काही पायऱ्या थोडक्यात आटोपल्या आहेत, आणि जिथे हमखास गफलत होते तिथे मी मुद्दाम जास्त वेळ थांबलो आहे.

पहिली पायरी: पेशींची जोडी निवडणे

तुलनेतील दोन्ही पेशी एकाच मूळ वंशातल्या असाव्यात. बीएचके-२१ हा हॅमस्टरच्या पिलाच्या मूत्रपिंडापासून मिळालेला पेशीवंश, त्याचा सी१३ हा क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेली संतती) आणि राउस सार्कोमा विषाणूने रूपांतरित केलेला सी१३/बी४ ही वॉरन यांच्या गटाची जोडी होती. ३टी३ हा पेशीवंश टोडारो आणि ग्रीन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची एसव्ही४०-रूपांतरित जोडीदार पेशी सहज मिळते, आणि सामान्य ३टी३ पेशी थर भरला की वाढ थांबवत असल्याने दोन पेशींच्या वर्तनातील फरकही स्पष्ट दिसतो. महाराष्ट्रातील वाचकांसाठी सांगायचे तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशीवंशांचे भांडार आहे, आणि मूळ पेशीवंश तिथून मागवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

एका सामान्य आणि एका रूपांतरित क्लोनची तुलना पुरेशी नसते. कोणतेही दोन क्लोन एकमेकांपासून थोडेफार वेगळे असतातच, मग त्यांच्यात विषाणू असो वा नसो. शक्य असेल तर स्वतंत्रपणे रूपांतरित झालेले निदान तीन क्लोन आणि मूळ पेशींपासून वेगळे काढलेले तीन अरूपांतरित क्लोन घ्यावेत. दोन वेगवेगळ्या कुळांतील विषाणू घेणे त्याहूनही चांगले. राउस सार्कोमा विषाणू आरएनए विषाणू असून तो स्वतःच्या एसआरसी जनुकामुळे पेशीचे रूपांतरण करतो. पॉलिओमा आणि एसव्ही४० हे डीएनए विषाणू असून त्यांची यंत्रणा पूर्णपणे निराळी आहे. इतक्या भिन्न वाटांनी पेशीपृष्ठावर एकच बदल घडत असेल, तर त्याचे नाते विषाणूच्या एखाद्या खास प्रथिनाशी नसून रूपांतरित अवस्थेशी आहे असे म्हणायला आधार मिळतो.

मला सर्वांत भरवशाचा वाटणारा ताळा तापमान-संवेदी उत्परिवर्ती विषाणूचा आहे. अशा राउस सार्कोमा विषाणूने बाधित कोंबडीच्या भ्रूणपेशी ३६° सेल्सिअसला रूपांतरित अवस्थेत राहतात आणि ४१° सेल्सिअसला सामान्य दिसू लागतात. पेशी तीच असते, विषाणूही तोच असतो, फक्त रूपांतरण चालू किंवा बंद होते. वॉरन, क्रिचली आणि मॅकफर्सन यांनी १९७२ मध्ये हीच पद्धत वापरली. मात्र नुसत्या तापमानामुळेही शर्करांचे संश्लेषण बदलू शकते. म्हणून बाधा न झालेल्या पेशी आणि मूळ, म्हणजे तापमान-संवेदी नसलेल्या, विषाणूने रूपांतरित झालेल्या पेशी दोन्ही तापमानांना वाढवून पाहणे अनिवार्य आहे.

कोंबडीच्या पेशी वापरताना आणखी एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. या पेशींमधून विषाणू सतत बाहेर पडत असतो, आणि त्याच्या आवरणातील ग्लायकोप्रोटीने (शर्करा जोडलेली प्रथिने) पेशीच्या पटलावर बसलेली असतात. तुम्ही पेशीपृष्ठावरून जे सोडवाल त्यात तीही येणार. यासाठी त्याच कुळातील, पण रूपांतरण न करणाऱ्या ल्युकोसिस विषाणूने बाधित पेशींची तिसरी ओळ प्रयोगात असलीच पाहिजे. रूपांतरित पेशींत वाढलेल्या विषाणूच्या आवरणावरील ग्लायकोपेप्टाइडे अरूपांतरित पेशींत वाढलेल्या विषाणूंच्या ग्लायकोपेप्टाइडांपेक्षा मोठी असतात, असे लाई आणि ड्यूसबर्ग यांनी १९७२ मध्ये दाखवले. विषाणूच्या प्रथिनांना शर्करा जोडण्याचे काम पेशीच करते, हे यातून दिसते.

दुसरी पायरी: वाढीची स्थिती जुळवणे

या पायरीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष इथूनच निघतात.

सामान्य ३टी३ पेशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५०,००० झाल्या की थांबतात. रूपांतरित पेशी त्याच्या कितीतरी पट पुढे जातात. एकाच दिवशी पेरलेल्या दोन बशा एकाच दिवशी उचलल्या, तर एकीत विश्रांतीत गेलेल्या पेशी असतील आणि दुसरीत झपाट्याने विभाजित होणाऱ्या. बक, ग्लिक आणि वॉरन यांनी १९७१ मध्ये दाखवले की मोठ्या ग्लायकोपेप्टाइडांचा गट सामान्य पेशींतही वाढीच्या काळात काही प्रमाणात दिसतो आणि वाढ मंदावली की कमी होतो. म्हणजे वाढती रूपांतरित पेशी आणि थांबलेली सामान्य पेशी यांची तुलना केली तर फरक फुगून दिसतो, आणि त्यातला किती वाटा वाढीचा व किती रूपांतरणाचा हे नंतर कोणत्याही गणिताने वेगळे काढता येत नाही.

म्हणून आधी दोन्ही पेशींचा वाढीचा आलेख स्वतः काढावा. सलग सहा-सात दिवस रोज तीन बशांमधील पेशी मोजाव्यात आणि दोन्ही पेशींची संख्या दुपटीने वाढत असेल असा समान टप्पा निवडावा. व्यवहारात बशीचा साधारण ६० ते ७० टक्के भाग व्यापलेला असताना, माध्यम बदलल्यानंतर ठरावीक तासांनी दोन्ही पेशी उचलाव्यात. सीरमचा लॉट एकच असावा. लॉट बदलला तर दोन्ही पेशींसाठी एकदमच बदलावा. शेवटी दाट थरातील दोन्ही पेशींची एक जोडी वेगळी तपासावी आणि तिचा आलेख पहिल्या जोडीच्या शेजारी मांडावा.

मायकोप्लाझ्माची तपासणी दर महिन्याला करावी. या जंतूंच्या काही जातींकडे स्वतःचे सियालिडेज, म्हणजे सियालिक आम्ल तोडणारे एन्झाइम, असते, आणि त्यांच्या संसर्गाने सियालिक आम्लाचे सगळे आकडे निरर्थक होतात. बाटलीत गढूळपणा दिसत नाही म्हणून संवर्धन स्वच्छ आहे असे समजू नये, कारण मायकोप्लाझ्मा असूनही माध्यम काचेसारखे स्वच्छ राहते.

तिसरी पायरी: शर्करांवर खूण करणे

मूळ पद्धतीतील युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. सामान्य पेशींना कार्बन-१४ असलेला एल-फ्यूकोज द्यायचा, रूपांतरित पेशींना ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) असलेला, आणि पुढे दोन्ही नमुने एकत्र करूनच सगळी प्रक्रिया करायची. एकाच नळीत पचन होते, एकाच कॉलममधून दोन्ही वाहतात, त्यामुळे कॉलमच्या भरणीतील किंवा प्रवाहातील चढउतार दोघांनाही सारखेच बाधतात. फ्यूकोज निवडण्याचे कारण असे की पेशी त्याचे इतर शर्करांमध्ये फारसे रूपांतर करत नाही. खूण दिसली म्हणजे तिथे फ्यूकोजच आहे असे मानता येते. ग्लुकोसामीन दिला तर खूण एन-ॲसिटिलग्लुकोसामीन, एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामीन आणि सियालिक आम्ल या तिन्हींत पसरते. ती माहितीही हवी असते, पण ती दुसऱ्या प्रयोगासाठी राखून ठेवावी.

खूण करण्यासाठी निदान ४८ तास द्यावेत. कमी वेळ दिल्यास वेगाने बदलणारी प्रथिनेच जास्त ठळक होतात. दोन्ही पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिने सारख्याच वेगाने बदलत नसल्यास त्यातूनही खोटा फरक उभा राहतो.

खऱ्या प्रयोगाआधी एकाच पेशीचे दोन भाग करावेत, एकाला कार्बन-१४ आणि दुसऱ्याला ट्रिटियम द्यावा, आणि दोन्ही एकत्र करून कॉलममधून न्यावेत. दोन्ही आलेख तंतोतंत एकमेकांवर बसले पाहिजेत. ते बसत नसतील तर दोष मोजणीत किंवा खुणेत आहे, आणि तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. नंतर खऱ्या जोडीचा प्रयोग खुणा उलटवून, म्हणजे सामान्य पेशींना ट्रिटियम आणि रूपांतरित पेशींना कार्बन-१४ देऊन, पुन्हा करावा. खुणा उलटवल्यावरही मोठा गट रूपांतरित पेशींच्याच बाजूला राहिला, तरच तो ग्राह्य धरावा.

भारतात किरणोत्सारी पदार्थ वापरण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ती नसलेल्या प्रयोगशाळेने नाउमेद होऊ नये. अझाइड गट जोडलेली शर्करा पेशींना खायला घालून नंतर तिच्यावर चकाकणारा रेणू जोडण्याची पद्धत उपलब्ध आहे. कॅरोलिन बर्टोझी यांना २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या कामासाठी मिळाले त्यातलाच हा भाग आहे. तिच्यात मोजमाप चांगले होते, पण बदललेली शर्करा दोन्ही पेशी सारख्याच प्रमाणात स्वीकारतात की नाही हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

चौथी पायरी: पृष्ठभागावरील द्रव्य सोडवणे

पेशी थंड, कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित क्षारद्रावणाने तीन वेळा धुवाव्यात. सीरममधील ग्लायकोप्रोटीने पेशींना चिकटून राहतात, आणि त्यांच्यावर खूण नसली तरी रासायनिक मोजणीत ती घुसतात. याचे एक बोलके उदाहरण कोंबडीच्या पेशींचे आहे. पक्ष्यांच्या पेशी एन-ग्लायकोलिल प्रकारचे सियालिक आम्ल तयार करत नाहीत. तुमच्या कोंबडीच्या पेशींत ते सापडले, तर ते गायीच्या सीरममधून आले आहे हे निश्चित समजावे आणि धुण्याची पद्धत सुधारावी.

धुतल्यानंतर शुद्ध, स्फटिकी ट्रिप्सिनचे (प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमचे) द्रावण घालून ३७° ला सुमारे दहा मिनिटे ठेवावे. पेशी बशीपासून सुटल्या की सोयाबीनपासून मिळणारा ट्रिप्सिन-निरोधक लगेच घालावा, हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करावे आणि वरचा द्रव वेगळा काढावा. हाच पृष्ठभागावरील ग्लायकोपेप्टाइडांचा नमुना. खाली बसलेल्या पेशींतून एक थेंब घेऊन ट्रिपॅन ब्लू घालावा. शंभरातील पाचपेक्षा जास्त पेशी निळ्या झाल्या असतील, तर पेशी फुटून आतले द्रव्य नमुन्यात मिसळले आहे असे समजून तो टाकून द्यावा. एरवी पेशीच्या आत असणारे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम वरच्या द्रवात किती आहे ते मोजणे हा त्याहून काटेकोर ताळा आहे.

ट्रिप्सिन पृष्ठभागावरील सगळीच प्रथिने कापत नाही. म्हणून अहवालात ‘पृष्ठभागावरील शर्करा’ असे सरसकट न लिहिता ‘ट्रिप्सिनने सुटणाऱ्या शर्करा’ असे लिहावे, आणि उरलेल्या पेशींच्या पटलाचा नमुनाही शेजारी तपासावा.

पाचवी पायरी: पचन आणि कॉलम

दोन्ही नमुने एकत्र करून पीएच ८ च्या ट्रिस बफरमध्ये प्रोनेज हे प्रथिने पचवणारे एन्झाइम घालावे आणि ३७° ला चार-पाच दिवस पचन होऊ द्यावे. रोज ताजे एन्झाइम घालावे. जिवाणू वाढू नयेत म्हणून टोल्युइनचे दोन-तीन थेंब द्रवावर तरंगत ठेवावेत. हे विसरल्यास तुमचे पेप्टाइड जिवाणू खातात आणि त्यांच्या शर्करा तुमच्या पदरात पडतात. पचन संपते तेव्हा प्रथिनांचा बहुतांश भाग नाहीसा होऊन शर्करासाखळी एखाद-दुसऱ्या अमिनो आम्लाला जोडलेली राहते. पचन पूर्ण झाल्याची खात्री करण्यासाठी नमुन्याचा एक भाग आणखी दोन दिवस पचवून पुन्हा कॉलममधून न्यावा. आलेख सरकला तर आधीचे पचन अपुरे होते, आणि दिसणारा ‘मोठा गट’ शर्करेचा नसून उरलेल्या पेप्टाइडाचा असू शकतो.

सेफाडेक्स जी-५० (रेणू आकारानुसार वेगळे करणारे, मोठे रेणू आधी बाहेर सोडणारे जेल) भरलेला, सुमारे एक मीटर लांबीचा अरुंद कॉलम घ्यावा. नमुन्यात निळे डेक्स्ट्रान (मोठ्या रेणूंची जागा दाखवणारे) आणि फिनॉल रेड (लहान रेणूंची जागा दाखवणारे) मिसळावे. पीएच ९ च्या आसपासच्या बफरमध्ये कॉलम चालू झाला की पाहण्यासारखे दृश्य असते: आधी निळा पट्टा सरळ खाली उतरत जातो, बराच मागे फिनॉल रेडचा गुलाबी-जांभळा पट्टा रेंगाळत येतो, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते सगळे त्या दोन रंगांच्या मधल्या रंगहीन भागातून निघून जाते. निळा पट्टा तिरका उतरत असेल किंवा त्याच्या कडेला शेपूट फुटली असेल, तर कॉलमची भरणी बिघडली आहे. तो प्रयोग तिथेच थांबवून कॉलम पुन्हा भरावा.

बफरमध्ये क्षाराचे प्रमाण निदान ०.१ मोलर ठेवावे. क्षार कमी असल्यास सियालिक आम्लाच्या ऋणभारामुळे ग्लायकोपेप्टाइडे जेलपासून दूर ढकलली जातात आणि आकाराने लहान असूनही लवकर बाहेर येतात. रूपांतरित पेशींच्या साखळ्यांवर सियालिक आम्ल जास्त असण्याचीच शक्यता असल्याने ही चूक नेमकी तुमच्या अपेक्षेच्या दिशेने होते, म्हणून ती लवकर लक्षातही येत नाही.

एकेक मिलिलिटरचे भाग गोळा करून सिंटिलेशन काउंटरवर दोन्ही खुणा मोजाव्यात. कार्बन-१४ ची काही मोजणी ट्रिटियमच्या खिडकीत (मोजणीच्या ऊर्जा-पट्ट्यात) सांडते. ती दर मोजणीच्या वेळी प्रमाणित नमुन्यांवरून वजा करावी. प्रत्येक भागात १०,००० मोजण्या पूर्ण होईपर्यंत थांबल्यास सांख्यिकीय अनिश्चितता सुमारे १ टक्का राहते. आलेख काढताना प्रत्येक भागातील मोजणी त्या-त्या खुणेच्या एकूण मोजणीच्या टक्केवारीत मांडावी. दोन खुणांचे गुणोत्तर काढण्याचा मोह होतो, पण शिखराच्या दोन्ही टोकांना मोजण्या कमी असल्याने तिथले गुणोत्तर वाटेल तसे उड्या मारते, आणि वाचणारा नेमका त्या उड्यांकडे बोट दाखवतो.

रूपांतरित पेशींचा आलेख सामान्य पेशींच्या आलेखाच्या डावीकडे, म्हणजे लवकर बाहेर येणाऱ्या बाजूला, अधिक भरलेला दिसेल. वॉरन यांच्या गटाने या भागाला ‘गट अ’ म्हटले होते.

सहावी पायरी: सियालिक आम्ल काढून पाहणे

एकत्रित नमुन्याचा अर्धा भाग सियालिडेजने पचवून पुन्हा त्याच कॉलममधून न्यावा. उरलेला अर्धा उकळून निष्क्रिय केलेल्या एन्झाइमबरोबर तितकाच वेळ ठेवावा. फ्यूकोजवर खूण असताना सियालिक आम्ल काढण्यासाठी सौम्य आम्ल वापरू नये. आम्लाने फ्यूकोजचे बंधही काही अंशी तुटतात, खूण साखळीपासून सुटते आणि आलेख दोन्ही बाजूंनी फसवतो.

१९७२ मध्ये वॉरन, फ्यूहरर आणि बक यांनी असाच प्रयोग केला. सियालिक आम्ल काढल्यावर दोन्ही पेशींमधील फरक जवळजवळ मावळला, आणि रूपांतरित पेशींमध्ये सियालिक आम्ल जोडणारे एन्झाइम अधिक क्रियाशील आढळले. त्यावरून फरकाचे मूळ सियालिक आम्लात असल्याचे मांडले गेले.

सियालिक आम्ल मोजण्यासाठी वॉरन यांचीच १९५९ ची थायोबार्बिट्युरिक आम्लाची पद्धत वापरता येते. इथे खुणेचा प्रश्न नसल्याने ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लात ८०° ला एक तास ठेवून सियालिक आम्ल मोकळे करतात, पीरियडेटने त्याचे ऑक्सिडीकरण करतात, आर्सेनाइटने उरलेले पीरियडेट संपवतात, आणि थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर पंधरा मिनिटे उकळतात. येणारा गुलाबी रंग सायक्लोहेक्झॅनोनमध्ये काढून ५४९ नॅनोमीटरला वाचतात. पेशींच्या नमुन्यात डीएनए मिसळला असेल तर डीऑक्सिरायबोजही रंग देतो. त्याचे शिखर ५३२ नॅनोमीटरला असल्याने दोन्ही ठिकाणी वाचन घेऊन दुरुस्ती करावी. मोकळे केलेले आणि न केलेले असे दोन्ही नमुने मोजावेत, कारण बांधलेले सियालिक आम्ल या पद्धतीत रंग देत नाही. आर्सेनाइट विषारी आहे. त्याचा टाकाऊ द्रव सिंकमध्ये ओतू नये.

सातवी पायरी: आकारामागची रचना शोधणे

अनेक जण सहाव्या पायरीवर थांबतात. तिथे थांबू नये, असे मला मनापासून वाटते. कॉलम फक्त आकार सांगतो; तो आकार कशामुळे वाढला हे त्याला सांगता येत नाही.

जपानमध्ये कोबाता यांच्या गटाने १९७६ पासून पॉलिओमा-रूपांतरित बीएचके पेशींच्या मोठ्या ग्लायकोपेप्टाइडांची रचना उलगडत नेली. त्यांना आढळले की ॲस्पराजीन या अमिनो आम्लाला जोडलेल्या साखळ्यांना रूपांतरित पेशींत जास्त फांद्या असतात. अशा साखळीच्या गाभ्यात मॅनोजचे तीन रेणू असतात. त्यातील एका मॅनोजच्या सहाव्या कार्बनवर बीटा-१,६ बंधाने एन-ॲसिटिलग्लुकोसामीन बसले की तिथून नवी फांदी फुटते. हे काम ग्लुकोसामिनिलट्रान्सफरेज-५ हे एन्झाइम करते, आणि १९८५ मध्ये याच गटाने रूपांतरित पेशींत त्याची क्रियाशीलता सुमारे दुप्पट असल्याचे दाखवले. राउस सार्कोमा विषाणूने रूपांतरित बीएचके पेशींतही हीच फांदी वाढलेली असते, हे पियर्स आणि अरांगो यांनी १९८६ मध्ये मांडले.

मग १९७२ चा निष्कर्ष चुकीचा होता का? माझ्या मते तो अपुरा होता. प्रत्येक नव्या फांदीला नवे टोक मिळते आणि त्या टोकावर आणखी एक सियालिक आम्ल बसू शकते. सियालिडेजने ती टोके छाटली की आकारातील आणि भारातील फरक बराच कमी होतो, पण जास्तीच्या फांद्या साखळीवर तशाच राहतात. जी-५० सारख्या कॉलमला तो उरलेला फरक नीट दिसत नाही, एवढेच.

रचना शोधण्यासाठी लेक्टिनचे (ठरावीक शर्करा ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रथिनाचे) कॉलम सर्वांत सोयीचे. कॉनकॅनाव्हॅलिन-ए या लेक्टिनच्या कॉलममधून तीन-चार फांद्यांच्या बहुतेक साखळ्या न थांबता निघून जातात. दोन फांद्यांच्या साखळ्या सैल धरल्या जातात आणि १० मिलिमोलर मिथाइल ग्लुकोसाइडने सुटतात. मॅनोजने भरलेल्या साखळ्या घट्ट बसतात आणि त्यांना मिथाइल मॅनोसाइडचे बरेच तीव्र द्रावण लागते. न थांबता निघालेला भाग राजम्यापासून मिळणाऱ्या एल-पीएचए या लेक्टिनच्या कॉलममधून न्यावा. बीटा-१,६ फांदी असलेल्या आणि टोकांशी गॅलॅक्टोज असलेल्या साखळ्या तिथे रेंगाळतात. खरेदी करताना काळजी घ्यावी: बाजारात साध्या नावाने मिळणाऱ्या पीएचए मध्ये ई आणि एल या दोन्ही प्रकारांची सरमिसळ असते, आणि ई-प्रकार वेगळीच रचना ओळखतो. वाढीव फांद्यांवर लॅक्टोसामीनच्या (गॅलॅक्टोज आणि एन-ॲसिटिलग्लुकोसामीन या जोडीच्या) लांब पुनरावृत्ती असतील, तर एंडो-बीटा-गॅलॅक्टोसिडेजने त्या कापून आकार किती घटतो ते पाहावे.

आपल्याकडच्या परिचित धान्य-कडधान्यांत ही हत्यारे दडलेली आहेत, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. गव्हाच्या अंकुरातील लेक्टिन एन-ॲसिटिलग्लुकोसामीन आणि सियालिक आम्ल ओळखते. शेंगदाण्यातील लेक्टिन आणि फणसाच्या आठळीतील जॅकॅलिन ही दोन्ही सेरीन-थ्रिओनीनला जोडलेल्या लहान साखळ्यांच्या गाभ्यासाठी उपयोगी पडतात.

लेक्टिनने पेशी गोळा होणे: एक जुना चकवा

बर्गर आणि गोल्डबर्ग यांनी १९६७ मध्ये गव्हाच्या अंकुरातील लेक्टिनने, तर इन्बार आणि झाक्स यांनी १९६९ मध्ये कॉनकॅनाव्हॅलिन-ए ने रूपांतरित पेशी सहज गोळा होतात असे दाखवले. त्यावरून रूपांतरित पेशींवर त्या शर्करा जास्त असाव्यात, हा अर्थ स्वाभाविक वाटत होता. पण १९७१ मध्ये क्लाइन आणि लिव्हिंगस्टन यांनी, तसेच ओझान आणि सॅमब्रुक यांनी खूण केलेले लेक्टिन प्रत्यक्ष मोजले, तेव्हा दोन्ही पेशींवर ते जवळपास सारखेच बसत असल्याचे निघाले. गोळा होणे हे पटलातील बंधस्थानांची हालचाल आणि मांडणी यांवरही अवलंबून असते. तेव्हा पेशींचे गोळे पाहून शर्करेच्या प्रमाणाविषयी काहीही लिहू नये.

लेक्टिनच्या कोणत्याही प्रयोगासाठी पेशी ट्रिप्सिनने सोडवू नयेत. ट्रिप्सिनच्या सौम्य स्पर्शानेच सामान्य पेशी रूपांतरित पेशींसारख्या गोळा होऊ लागतात. त्याऐवजी ईडीटीए (कॅल्शियम बांधून पेशी सुट्या करणारे द्रव्य) वापरावे, आणि चकाकणाऱ्या एल-पीएचए ने फ्लो सायटोमीटरवर मोजावे. या लेक्टिनला साध्या एकेरी शर्करेने नीट रोखता येत नाही, म्हणून ऋण ताळ्यासाठी पेशींचा एक गट स्वेनसोनीनमध्ये वाढवावा. हे द्रव्य साखळीची पुढची घडण अडवते आणि एल-पीएचए चे बंधन कोसळते.

आठवी पायरी: ग्लायकोलिपिडे

पेशींचा मेद क्लोरोफॉर्म-मिथेनॉलच्या २:१ मिश्रणात काढून गँगलिओसाइडे, म्हणजे सियालिक आम्ल असलेली ग्लायकोलिपिडे, वेगळी करावीत, पातळ-थर पट्टीवर पसरवावीत आणि रिसॉर्सिनॉल फवारावे. सियालिक आम्ल असलेले ठिपके निळे-जांभळे होतात. हॅमस्टरच्या पेशींत रूपांतरणानंतर जीएम३ हे गँगलिओसाइड घटते आणि त्याचे पूर्वद्रव्य लॅक्टोसिलसिरामाइड वाढते. उंदराच्या एसव्ही४०-रूपांतरित पेशींत जीएम३ च्या पुढची मोठी गँगलिओसाइडे कमी होतात, हे मोरा, ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवले, आणि लगोलग त्यामागे जीएम३ ला एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामीन जोडणाऱ्या एन्झाइमची घट असल्याचेही निघाले. प्रथिनांवरील साखळ्या मोठ्या होतात आणि मेदांवरील साखळ्या आखूड राहतात, ही दोन टोके एकाच पेशीत एकत्र नांदतात. म्हणून ‘रूपांतरित पेशीवर शर्करा वाढतात’ किंवा ‘घटतात’ असे एकच वाक्य लिहिता येत नाही. इथेही दाटी जुळवायची असतेच, कारण पेशी एकमेकींना टेकल्यावर काही ग्लायकोलिपिडे सामान्य पेशींत वाढतात आणि रूपांतरित पेशींत ही वाढ होत नाही.

नववी पायरी: काय लिहावे, काय लिहू नये

एखादे ग्लायकोप्रोटीनच पृष्ठभागावरून गेले असेल, तर त्याच्याबरोबर त्याच्या शर्कराही जातात. फायब्रोनेक्टिनचे असेच होते. १९७३ मध्ये हाइन्स यांनी, आणि गॅलॅक्टोज ऑक्सिडेजची खूण वापरून गामबर्ग व हाकोमोरी यांनी, रूपांतरित पेशींवरून मोठे ग्लायकोप्रोटीन नाहीसे होत असल्याचे दाखवले. तेच पुढे फायब्रोनेक्टिन म्हणून ओळखले गेले. हा साखळीच्या रचनेतील बदल नव्हे, तर वाहक प्रथिनाच्या प्रमाणातील बदल होय. दोन्ही पेशींतून तेच एक प्रथिन वेगळे काढून त्याच्यावरील साखळ्यांची तुलना केल्याशिवाय रचनेविषयीचे विधान पक्के होत नाही.

तसेच हा बदल विषाणूची खास खूण नाही. विषाणूविना रूपांतरित झालेल्या पेशींतही फांद्यांची अशी वाढ आढळते, आणि डेनिस व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तिचे नाते कर्कपेशींच्या शरीरात पसरण्याशी जोडले. २००० मध्ये पॉलिओमाच्या मिडल-टी प्रथिनाने गाठी होणाऱ्या उंदरांतून ग्लुकोसामिनिलट्रान्सफरेज-५ चे जनुक काढून टाकले, तेव्हा गाठींची वाढ आणि त्यांचा प्रसार मंदावला. म्हणजे ही फांदी रोगाच्या वाटचालीत स्वतः भाग घेते, आणि म्हणूनच ती मोजताना इतकी काळजी घेणे भाग आहे.

सर्व ताळे जुळले असतील तर अहवालातील मुख्य विधान साधारण असे असावे: ‘वाढीच्या समान टप्प्यावरील तीन स्वतंत्र रूपांतरित क्लोनांत, ट्रिप्सिनने सुटणाऱ्या फ्यूकोजयुक्त ग्लायकोपेप्टाइडांपैकी मोठ्या गटाचा वाटा अरूपांतरित क्लोनांपेक्षा अधिक आढळला, खुणा उलटवूनही हा फरक टिकला, सियालिडेजनंतर तो कमी झाला, आणि एल-पीएचए ला रेंगाळणाऱ्या साखळ्यांचे प्रमाण वाढलेले होते.’ यातला जो ताळा केला नसेल, त्याचा भाग वाक्यातून वगळावा. कॉलममधून आलेल्या मोठ्या गटाचा निम्मा नमुना नाव, तारीख आणि पेशींची त्या दिवशीची दाटी लिहून उणे ८०° ला ठेवून द्यावा, म्हणजे परीक्षकाने वस्तुमान-वर्णपटाची (मास स्पेक्ट्रोमेट्रीची) मागणी केल्यास पेशी पुन्हा पेरण्यापासून सुरुवात करावी लागत नाही.